डिकीतल्या टाकीचा ढेकर

मित्रांनो, मला पहिल्या भेटीत कोणी ओळखत नाही. डिकी उघडली की पाहुण्यांना वाटते, हे आग विझवायचे नळकांडे असावे. एक गृहस्थ तर रिकामा पेला घेऊनच आले होते. त्यांची समजूत अशी, की माझ्यात सगळ्यांसाठी चहा भरून ठेवला आहे. म्हणून आधीच सांगून टाकते : मी एक जुनी, उभट, ॲल्युमिनियमची तेलाची टाकी आहे. शर्यतीच्या एका निळ्या गाडीच्या डिकीत, उजव्या कोपऱ्यात, दोन पट्ट्यांनी आवळून मला उभे केले आहे. इंजिन पुढे आणि त्याचे पोट, म्हणजे मी, मागे. ज्याचे पोट त्याच्यापासून आठ फूट लांब ठेवले आहे, असा दुसरा कोणी तुमच्या पाहण्यात असेल तर मला जरूर कळवा. दोघे मिळून सुखदुःखाच्या गोष्टी बोलू.

साध्या गाडीचे पोट जागच्या जागी असते. इंजिनाच्या खाली एक खोलगट भांडे असते, गॅरेजमध्ये त्याला चेंबर म्हणतात. तेल त्यात साठते. एक पंप ते तळातून ओढतो आणि इंजिनाच्या सांध्यासांध्यात पोचवतो. तिथून ते निथळून पुन्हा चेंबरमध्ये. बाजारहाट करायला, मुलांना शाळेत सोडायला एवढे पुष्कळ झाले. पण शर्यतीची गाडी वळणावर भरधाव वळते तेव्हा काय होते, ते पाहायचे असेल तर एका ताटलीत पाणी घ्या, धावत जा आणि एकदम वळा. (आईला विचारून. आणि फरशी तुम्हीच पुसा.) पाणी सगळे एका कडेला चढेल आणि ताटलीचा मधला भाग कोरडा पडेल. चेंबरमध्ये अगदी हेच होते. पंप बिचारा मधोमध तोंड लावून बसलेला असतो. त्याच्या तोंडात तेलाऐवजी हवा जाते. आता इंजिनातला मोठा दांडा बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळशा पापुद्र्यावर तरंगत फिरत असतो. तो पापुद्रा फाटला की धातू धातूला घासतो, आणि तुम्ही "अरेरे" म्हणेपर्यंत सगळे संपलेले असते.

निळ्या गाडीचे असेच संपले होते, माझ्या जन्माच्या आधी. शर्यतीच्या मैदानात एक लांबलचक डावे वळण आहे, संपता संपत नाही. त्या वळणावर इंजिनाने एकदा खणखण केले आणि ते गप्प झाले.

गाडी चालवते ती ताई. ताईचे वडील इंजिनाचे मिस्त्री. त्यांना सगळे बाबा म्हणतात, गिऱ्हाइकेसुद्धा. गॅरेज खाली, घर वर, मध्ये लोखंडी जिना. बाबांची धाकटी बहीण, म्हणजे ताईची आत्या, वेल्डर आहे. तिचे दुकान रस्त्याच्या पलीकडे. त्या दिवशी बाबांनी इंजिन उघडून टेबलावर मांडले आणि बेअरिंगचे तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून तासभर नुसते त्यांच्याकडे बघत बसले. आत्या डोळ्यांवरचा मुखवटा कपाळावर सरकवून आली. तिने एक तुकडा उचलला, उजेडात धरला, परत ठेवला.

"दादा, ताटलीत ठेवशील तर सांडणारच," ती म्हणाली. "तांब्यात ठेव."

तो तांब्या म्हणजे मी.

मला घडवायला आत्याला आठ दिवस लागले. तिने पत्रा कापला, गोल वळवला, शिवण सांधली. शिवणीवरून अंगठा फिरवून बघायची आणि मनाला आली नाही तर पुन्हा तापवायची. पाहुण्यांकडे न्यायच्या आधी आई मुलीचा भांग तीनदा काढते ना, तसे. माझ्या पोटात तिने भोके पाडलेल्या चकत्या बसवल्या, म्हणजे गाडी कितीही हिंदकळली तरी तेल उसळू नये. तेल परत येण्याची नळी तिने वरच्या अंगाला, मुद्दाम तिरकी लावली. तेल बाहेर जाण्याची नळी अगदी तळाला. आणि डोक्यावर एक बारीक नळी, तिचे टोक शेजारच्या एका छोट्या बाटलीत. या बाटलीला गॅरेजमध्ये कोणी ओकारीची बाटली म्हणतात. नाव चांगले नाही, पण खरे आहे.

शेवटी तिने सूचना लिहायला घेतली. बाबांना ते पटले नाही. गाडीवर सूचना चिकटवायला मी काय काल कामाला लागलोय का, असे ते म्हणाले. आत्याने वाद घातला नाही. तिने माझे झाकण काढले, उलटे केले आणि टोकदार पंचाने, ठिपक्याला ठिपका जोडत, आतल्या बाजूला दोन ओळी ठोकल्या. झाकण फिरवून लावले. दोन्ही ओळी अंधारात गेल्या आणि बाबांचा मान राहिला.

आता माझे काम ऐका. या सगळ्या व्यवस्थेला गॅरेजवाले ड्राय संप म्हणतात, म्हणजे कोरडा चेंबर. इंजिनाखाली आता खोल भांडे नाही, एक उथळ ताटली आहे. तिच्यात तेल साठू द्यायचे नाही, पडले की लगेच उपसायचे. हे काम आमच्या पंपाचे. पंप इंजिनाच्या कुशीत बाहेरच्या बाजूने बसतो आणि पट्ट्यावर फिरतो. त्याचे चार भाग आहेत : तीन नुसते ओढणारे आणि एक ढकलणारा. ओढणाऱ्या तिघांना तेल आणि हवा यांतला फरक कळत नाही. समोर येईल ते ओढतात. त्यामुळे माझ्याकडे जे येते ते तेल नसतेच, तेलाचा फेस असतो. साबणाच्या पाण्यात कोणी पाय आपटले असावेत असा.

हा फेस इंजिनाला परत दिला तर पुन्हा तीच रड. मग मी काय करते? तिरक्या नळीतून तो आत आला की माझ्या भिंतीला लगटून गोल गोल फिरतो. जड तेल भिंतीला धरून खाली उतरते, हलकी हवा मधून वर येते आणि डोक्यावरच्या नळीतून निघून जाते. थोडक्यात, मी ढेकर देते. बाळाला दूध पाजले की खांद्यावर घेऊन पाठीवर थोपटतात, तोपर्यंत त्याला आडवे करत नाहीत. तेलाचेही तसेच आहे. पोटातली हवा निघून गेली की मगच ते कामाचे. मग माझ्या तळातून ढकलणारा भाग ते घेतो, गाळणीतून नेतो, थंड करतो आणि इंजिनाला पाजतो. डावे वळण असो की उजवे, माझ्या तळाशी तेल असतेच, कारण मी उंच आणि अरुंद आहे. मी तांब्या आहे, ताटली नाही.

शिवाय खोल चेंबर गेल्यामुळे इंजिन चार बोटे खाली बसले. गाडी जमिनीला धरून वळू लागली. दांड्याला तेल घुसळत बसावे लागत नाही, म्हणून तोही मोकळा फिरतो. पहिल्या वर्षी ताई एका शर्यतीत तिसरी आली. त्या वर्षी प्रत्येक शर्यतीआधी आत्या स्वतः यायची. ताई पुढे बसून इंजिन चालू ठेवायची, आत्या मागे डिकीत वाकून माझे झाकण उघडायची, तेल मोजायची दांडी बुडवायची, बघायची आणि गाडीच्या पाठीवर दोन थापा मारायची. दोन थापा म्हणजे ठीक आहे, जा. मागे नेमके काय चालते ते ताईला कधी दिसले नाही. तिला फक्त थापा ऐकू यायच्या.

आणि मग ते बक्षिसाचे झाले. मैदानात ध्वनिक्षेपक घेऊन फिरणाऱ्या निवेदकाने बाबांना विचारले, इंजिनाचे हे नवे काम कोणाचे? बाबा खुशीत होते. म्हणाले, सगळे माझ्या हातचे. वाईट हेतू नव्हता. ते "माझ्या" म्हणतात तेव्हा त्यात घर, गॅरेज, बहीण, मुलगी, समोरची भिंत, सगळेच येते. पण आत्या तिथेच, तीन हातांवर उभी होती. तिने हातमोजे खिशात घातले आणि चालत घरी गेली.

त्यानंतर दोन वर्षे भाऊ-बहीण एकमेकांशी बोलले नाहीत.

न बोलणे म्हणजे शांतता, असे तुम्हाला वाटेल. तसे नव्हते. दोघे दिवसभर बोलत, फक्त दुसऱ्या कोणाला तरी. पुढे ताईला मुलगी झाली, छकुली, तेव्हा सगळ्यांची मोठी सोय झाली. आत्या म्हणायची, "छकुले, आजोबांना सांग, माझी शिडी दोन महिने झाले तुमच्याकडे आहे." बाबा तिथेच, पाठ करून उभे. ते म्हणायचे, "छकुले, आत्याआजीला सांग, शिडीला पाय आहेत, ती काही पळून जात नाही." छकुली आठ महिन्यांची. तिला एकच अक्षर यायचे, ते म्हणजे "ब". दोन्ही निरोप ती "ब" एवढ्यातच पोचवायची आणि दोघांनाही ते नीट पोचायचे.

त्या काळात मी वर्षभर कापडाखाली होते. ताई वरच्या घरात रमली होती, आणि ते बरोबरच होते. कधी कधी ती छकुलीला कडेवर घेऊन जिना उतरायची, कापडाचे टोक उचलायची आणि डिकीवर हात ठेवून उभी राहायची. छकुली "ब" म्हणायची. एक कोळी माझ्या झाकणावर संसार थाटून गेला. त्याच्या मुलांची लग्नेसुद्धा तिथेच झाली असावीत. मला वाटले, आपलेही दिवस भरले.

पण छकुली बसायला लागली आणि ताईने कापड ओढून काढले. तिने ठरवले होते, या वर्षी एक शर्यत पुरी करायची. पहिले यायचे नाही, दुसरे यायचे नाही, फक्त शेवटची रेघ ओलांडायची. आई झाल्यावर आपण अजून तीच आहोत का, एवढे तिला बघायचे होते.

पहिल्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीला माझ्या डोक्यावरच्या नळीतून तेल वर आले, बाटली भरली, बाटलीतून ते तापलेल्या सायलेन्सरवर सांडले आणि गाडीमागे धुराचा असा लोट उठला की मागून येणाऱ्यांना दिवे लावावे लागले. अधिकाऱ्यांनी झेंडा दाखवून ताईला बाहेर काढले. रस्त्यावर तेल सांडणारी गाडी ठेवत नाहीत, दुसऱ्याची घसरेल. बाबांनी निदान केले, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन तेल वर फेकते आहे. इंजिन उघडले, नव्या रिंगा घातल्या. दुसऱ्या शर्यतीत पहिल्याच फेरीला धूर. बाबांनी पुन्हा उघडले. रिंगा चकचकीत. ते त्यांच्याकडे असे बघत होते, जणू त्यांनीच फसवले.

मला कारण माहीत होते. मित्रांनो, तेच तर माझे दुःख. टाकीला तोंड असते, पण जीभ नसते.

कारण असे. इंजिन थांबले की पंपही थांबतो. पण त्याच्या दात्यांमध्ये केसाएवढी फट असते. मी वर आणि इंजिनाची ताटली खाली, त्यामुळे माझ्यातले तेल त्या फटीतून झिरपत झिरपत खाली जाते. दोन-तीन दिवसांत चांगले तीन लिटर. गाडी चालू झाली की पंप ते पुन्हा माझ्याकडे आणून टाकतो, हिशेब चुकत नाही. पण थंड गाडीत कोणी दांडी बुडवली तर दांडी म्हणणार, तेल कमी आहे.

आणि बाबांचा तर नियमच उलटा. चाळीस वर्षे ते साध्या गाड्यांचे तेल मोजत आले. साध्या गाडीत इंजिन बंद करायचे, थांबायचे, सगळे तेल खाली चेंबरमध्ये निथळू द्यायचे, मग दांडी बघायची. थंड डोक्याने आणि थंड इंजिनावर, असे ते सगळ्यांना शिकवायचे. शिकवणे खोटे नव्हते, फक्त ते माझ्यासाठी नव्हते. ताटलीचा नियम त्यांनी तांब्याला लावला. दर वेळी दांडी कमी दाखवायची, दर वेळी ते मायेने तेल ओतायचे, आणि गाडी सुरू झाली की खाली गेलेले तीन लिटर परत यायचे. मग माझ्या पोटात हवेला जागाच उरायची नाही. ढेकर द्यायला गेले की ढेकराबरोबर जेवणही बाहेर.

आत्याला हे एका क्षणात कळले असते. पण ती छकुलीसाठी वरच्या घरी यायची, खाली गॅरेजात पाय ठेवायची नाही. ज्यांना विचारायचे असेल ते विचारतील, असे तिने छकुलीला सांगून ठेवले होते.

तिसऱ्या शर्यतीआधी अधिकाऱ्यांचे पत्र आले : पुन्हा तेल सांडले तर ही गाडी वर्षभर बंद. त्याच संध्याकाळी बाबांनी माळ्यावरून जुना खोल चेंबर काढला, घासून पुसून माझ्यासमोरच्या बाकावर ठेवला आणि ताईला सांगितले, रविवारी धूर निघाला तर सोमवारी ही घागर खाली आणि हा चेंबर वर. घागर म्हणजे मी. ताई म्हणाली की चेंबर लावला तर ती गाडी चालवणार नाही, त्या डाव्या वळणावर तिला इंजिन पुन्हा मारायचे नाही. बाबांनी चेंबर बाकावरून हलवला नाही. म्हणजे रविवार हा शेवटचा. तिचाही आणि माझाही. चार दिवस तो चेंबर समोर बसून माझ्याकडे बघत होता. उथळ स्वभावाचा नव्हता, एवढेच त्याच्याबद्दल चांगले सांगता येईल.

रविवार उजाडला. शर्यत दुपारी तीनला. नऊ वाजता गाडी ट्रेलरवर चढवायची होती, म्हणून सगळे घर पहाटेपासून मदतीला. आणि मदत करणारी माणसे फार झाली की काय होते ते बघा.

बाबा सहा वाजता खाली आले. दांडी बघितली, तेल खूपच कमी. त्यांनी एक लिटर ओतले, बाकीचे नंतर बघू म्हणून ट्रेलरवाल्याला फोन करायला गेले. रिकामा डबा त्यांनी शिस्तीत कोपऱ्यात ठेवला. मग आले सर. सर म्हणजे ताईचे यजमान. शाळेत गणित शिकवतात, आणि गाडीतले त्यांना काही कळत नाही हे ते स्वतःच आनंदाने सांगतात. पण बायकोचा आज मोठा दिवस. त्यांनी दांडी बघितली, खिशातल्या पट्टीने मोजली, खूण अजून चार बोटे वर होती. त्यांनी एक लिटर ओतले. रिकामा डबा शिस्तीत कोपऱ्यात. थोड्या वेळाने ताई आली. तिने तिसरा लिटर ओतला आणि दांडी बरोबर खुणेवर आली. ती समाधानाने वर गेली. सगळे समाधानी होते. मी सोडून.

वर छकुलीचेही तेच चालले होते. साडेसातला ताईने तिला पाजले. आठला ती कुरकुरली, म्हणून सरांनी बाटलीभर दूध दिले, बाटली धुऊन पालथी घातली. सव्वाआठला बाबा वर गेले; बाटली धुतलेली दिसली, म्हणजे पोरीला अजून काही मिळाले नाही, असे समजून त्यांनी केळे कुस्करून भरवले आणि वाटी धुऊन पालथी घातली. साडेआठला आत्या आली. छकुलीने तिच्याकडे असे काही बघितले की तिने दुधात बिस्किट भिजवले. तिनेही वाटी धुतली. आमच्या घरात सगळे फार स्वच्छ आहेत, त्यामुळे पुरावा राहत नाही.

पावणेनऊला सर छकुलीला खांद्यावर घेऊन खाली आले. अंगात पांढरा शुभ्र शर्ट, आज मैदानात जायचे म्हणून. छकुलीने एक छोटा ढेकर दिला. सर कौतुकाने म्हणाले की पोट भरले वाटते. आणि मग तिने जे काही होते ते सगळे, खांद्यापासून कमरेपर्यंत, बाहेर काढले.

वरून ताई आणि आत्या धावत आल्या. आत्याने दोन वर्षांत पहिल्यांदा गॅरेजात पाय ठेवला, पण ते त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही. ताईने छकुलीला घेतले, तोंड पुसले आणि हळू आवाजात विचारले, "हिला कोणी कोणी भरवलं?"

सरांनी हात वर केला. बाबांनी केला. आत्याने थोडा उशिरा केला. मग ताईने स्वतःचाही केला.

छकुली आता हलकी होऊन हसत होती. आत्याला हसू आवरेना. ती भिंतीला टेकून, डोळे पुसत हसली. आणि हसता हसता तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे तीन रिकामे डबे ओळीने उभे होते, शिस्तीत. तिचे हसू थांबले. ती माझ्याजवळ आली आणि माझ्या अंगावर हात ठेवला. तोच अंगठा, त्याच शिवणीवर.

"आणि माझ्या या लेकीला?" ती म्हणाली. "हिला आज कोणी कोणी पाजलं?"

मित्रांनो, तोवर मला घागर म्हणत, नळकांडे म्हणत, चहाची टाकी म्हणत. लेक पहिल्यांदाच कोणी म्हणाले. माझ्यात तेव्हा पाणी असते तर डोळे भरून आले म्हणून सांगितले असते. होते ते तेल.

पुन्हा तीन हात वर झाले. सरांनी शेजारच्या दोन हातांकडे बघितले आणि गणिताच्या सरांचा चेहरा उतरला. आत्याने विचारले, तेल मोजताना इंजिन चालू होते का. ताई म्हणाली, नाही, बाबांच्या नियमाप्रमाणे थंडच होते. आत्या छकुलीकडे वळली.

"छकुले, आजोबांना सांग, झाकण काढ आणि उलटं करून बघ."

छकुलीने "ब" म्हणण्याची वाट बाबांनी बघितली नाही. त्यांनी झाकण फिरवून काढले, तेलकट होते ते फडक्याने पुसले, खिडकीपाशी नेले, चष्मा लावला. ठिपक्या-ठिपक्यांच्या दोन ओळी. "इंजिन चालू आणि गरम असताना मोजा. थंड असताना ही खोटं सांगते."

बाबांनी त्या दोन ओळी वाचायला पुष्कळ वेळ घेतला. झाकण त्यांनी शंभर वेळा उघडले असेल. दर वेळी ते बाकावर ठेवायचे, वरची बाजू वर.

मग ते वळले. छकुलीकडे नाही, बहिणीकडे.

"किती गरम?" त्यांनी विचारले.

सरांच्या शर्टावरून एक थेंब खाली पडला, तोही ऐकू आला.

"हात लावशील तर चटका बसेल, इतकी," आत्या म्हणाली.

एवढेच. दोन वर्षांचा अबोला एवढ्यातच संपला आणि कामे सुरू झाली. ताईने इंजिन चालू केले. खाली झिरपलेले तेल पंपाने फेसासकट माझ्याकडे आणले, आणि मी गळ्यापर्यंत भरले. गरम झाल्यावर बाबांनी डिकीत वाकून नळीने तेल उपसायला घेतले. एक लिटर, दोन, तीन. तीन झाल्यावर दांडी बुडवली. बरोबर खुणेवर. बाबांनी दांडी पुसून ठेवली. मग त्यांनी गाडीच्या पाठीवर थाप मारली, एक. दुसरी आत्याने मारली.

पुढे बसलेल्या ताईने दोन थापा ऐकल्या. ती मागे वळली नाही. तिने आरशातून बघितले असावे, कारण इंजिनाचा आवाज एकदम वर गेला.

शर्यतीत नऊ गाड्या होत्या. मला डिकीतून काही दिसत नाही, पण अंगावरून कळते. डावे वळण आले तेव्हा सगळे जग उजवीकडे कलले. माझ्यातले तेलही कलले, चकत्यांनी ते धरले, तळ भरलेला राहिला. पंप ओढत होता, ढकलत होता. मी भिंतीभोवती तेल फिरवत होते आणि वरच्या नळीतून बारीक बारीक ढेकर देत होते. नुसत्या हवेचे, कोरडे, सुसंस्कृत ढेकर. बारा फेऱ्या, बारा वेळा ते वळण. ताई पाचवी आली. तिने रेघ ओलांडली तेव्हा बाबा पहिल्यांदा बसले. ते सकाळपासून उभे होते. अधिकारी आंबट चेहरा करून आला, गाडीमागे वाकला, जमिनीवर बोट फिरवले, बोट हुंगले आणि निघून गेला. बाटलीत जेमतेम चमचाभर तेल होते. तेवढे कोणाचेही होते.

ताई हेल्मेट काढून उतरली आणि आधी छकुलीला घेतले. छकुलीने तिच्या घामट गालाला तोंड लावून बघितले, तीच आहे याची खात्री करून घेतली आणि "ब" म्हणाली.

तोच निवेदक ध्वनिक्षेपक घेऊन आला. बाबांना त्याने विचारले, धूर कसा गेला? बाबांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला, खाकरले आणि तो आत्यापुढे धरला.

"हिला विचारा," ते म्हणाले. "टाकी हिची आहे."

आत्याने आयुष्यात ध्वनिक्षेपक धरला नव्हता. तिने तो वेल्डिंगच्या बंदुकीसारखा तिरका, लांब धरला. सगळे मैदान वाट बघत होते.

"गरम असताना मोजा," ती म्हणाली आणि तो परत करून टाकला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते कोणाला कळले नसावे.

आता मी म्हातारी झाले आहे. अंगावर दोन पोचे आहेत, एका शिवणीला आत्याने पुन्हा टाके घातले आहेत. जुना चेंबर परत माळ्यावर गेला. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. गॅरेजच्या दारात एक पाटी लावली आहे, तिच्यावर खडूने दोन रकाने : एक छकुलीचा, एक माझा. जो भरवेल त्याने नाव आणि वेळ लिहायची. भाऊ-बहीण आता समोरासमोर भांडतात. शिडी मात्र अजून इकडेच आहे. छकुलीची निरोप्याची नोकरी गेली, पण तिला आता पुष्कळ शब्द येतात, तिचे काही अडत नाही.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. कोणाची काळजी घ्यायची असेल तर ओतायच्या आधी विचारा, याला कोणी दिले आहे का. आणि त्याला मोजायचेच असेल तर तो कामात असताना मोजा. थकून थंड बसलेला असताना सगळेच थोडे रिकामे दिसतात. आणि जाता जाता माझे झाकण लावून जा. पण लावायच्या आधी ते एकदा उलटे करा. ज्याने आपल्याला घडवले, त्याने बहुतेक तिथेच काहीतरी लिहून ठेवलेले असते.